काळ्या पडद्यावर हसनाबाद

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात हसनाबाद आहे. या नावात अक्षरं किती? ह, स, ना, बा, द. झाली पाच. आता हेच नाव लिनक्सच्या काळ्या पडद्यावर, म्हणजे टर्मिनलमध्ये, लिहा आणि त्याला मोजायला सांगा. तो म्हणतो सात. जरा वेगळ्या पद्धतीने विचारा, तर म्हणतो एकवीस. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. कमांड लाईन शिकायला बसणाऱ्या मराठी माणसाने पहिला प्रयोग हाच करावा असं मला मनापासून वाटतं, कारण पहिल्याच कमांडीत आपली लिपी कॉम्प्युटरच्या पोटात कशी राहते ते कळून जातं.

मोजणाऱ्या कमांडचं नाव डब्ल्यू-सी. तिला पुढे ‘वजा एम’ जोडलं की ती चिन्हं मोजते. युनिकोडमध्ये काना हे स्वतंत्र चिन्ह आहे, म्हणून ह, स, न, काना, ब, काना, द असे सात. ‘वजा सी’ जोडलं की ती बाइट मोजते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, सात त्रिक एकवीस. तेच नाव रोमन लिपीत लिहिलं तर आठ अक्षरं आणि बाइटही आठच. एक खाचखळगा सांगून ठेवतो: नाव ‘एको’ कमांडने पाठवलं तर एकवीसऐवजी बावीस येतील. एको शेवटी ओळ संपल्याची खूण जोडते आणि तीही मोजली जाते. ‘प्रिंटएफ’ने पाठवा, एकवीसच येतील.

यातून पुढची गंमत निघते. लिनक्समधल्या नेहमीच्या फाईल व्यवस्थेत एका फाईलच्या नावाला जास्तीत जास्त २५५ बाइट मिळतात. इंग्रजीत २५५ अक्षरं मावतात, मराठीत ८५ चिन्हं. २५५ ला तीनने नेमका भाग जातो, त्यामुळे शेवटचं चिन्ह अर्धवट तुटायची भीती नाही! फाईलचं आणि फोल्डरचं नाव देवनागरीत बेलाशक ठेवा, लिनक्स तक्रार करत नाही. काही टर्मिनलमध्ये जोडाक्षरं आणि वेलांट्या पडद्यावर विस्कटलेल्या दिसतात, पण आतली फाईल शाबूत असते.

नवख्याला दचकवणाऱ्या गोष्टी

पासवर्ड टाइप करताना बहुतेक ठिकाणी पडद्यावर काहीच उमटत नाही. ठिपके नाहीत, फुल्या नाहीत, कर्सर जागचा हलत नाही. कीबोर्ड बिघडला असं वाटून अनेक जण इथेच उठतात. काहीही बिघडलेलं नसतं. पासवर्ड किती अक्षरी आहे हेसुद्धा शेजारच्याला कळू नये म्हणून ही सोय आहे. टाइप करा, एंटर मारा.

कॉपी करायला कंट्रोल आणि सी दाबलं, तर चालू काम तिथल्या तिथे बंद पडतं. टर्मिनलमध्ये कॉपीसाठी बहुतेक ठिकाणी मधे शिफ्टही दाबावं लागतं. कंट्रोल आणि एस तर त्याहून फसवं. वर्डमध्ये फाईल सेव्ह करायची सवय बोटांना असते, ती इथे चालवली की पडदा गोठतो आणि काही दाबलं तरी ढिम्म हलत नाही. कंट्रोल आणि क्यू दाबा, सगळं पूर्ववत. ही जोडी टेलिप्रिंटरच्या काळातली आहे. पलीकडून मजकूर येतच राहिला तर ‘थांब’ आणि ‘चालू दे’ सांगायला ती लागायची.

कमांडींची नावं इतकी आखूड का, याचं उत्तरही त्याच काळात आहे. लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं ते युनिक्स १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलं. त्या काळी टर्मिनल म्हणून वापरल्या जाणाऱ्या टेलिटाइप मॉडेल ३३ ला पडदाच नव्हता. उत्तर कागदाच्या गुंडाळीवर छापून यायचं, तेही सेकंदाला दहा अक्षरं या वेगाने, आणि बटणं दाबायला बोटांत जोर लागायचा. म्हणून यादी दाखवायला एल-एस, नक्कल करायला सी-पी, हलवायला एम-व्ही, पुसायला आर-एम. अर्धशतक उलटलं, कागद गेला, नावं राहिली.

त्यातल्या आर-एमपाशी मात्र हात आवरा. इथे रिसायकल बिन नाही. पुसलं ते गेलं. मागे ‘वजा आय’ जोडायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या, म्हणजे ती प्रत्येक फाईलगणिक आधी विचारते.

कॅपिटल एच आणि स्मॉल एच लिनक्सला वेगळे. एकाच जागी दोन्ही तऱ्हेने लिहिलेले हसनाबाद नावाचे दोन फोल्डर सुखाने नांदतात. स्पेलिंगची धास्ती असणाऱ्यांसाठी टॅबचं बटण आहे. नावाची पहिली दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबा, उरलेलं तो भरतो. वरच्या बाणाने मागची कमांड परत येते. या दोन बटणांनी निम्मं टायपिंग वाचतं.

कॅलेंडर जे इतिहास जाणतं

माझी सगळ्यात लाडकी कमांड कॅल. लिहायची सी-ए-एल आणि पुढे महिना, वर्ष. काही ठिकाणी ती आधी बसवून घ्यावी लागते, पण तेवढे कष्ट घ्याच.

तिला सप्टेंबर १७५२ विचारा. दोन तारखेनंतर थेट चौदा! मधले अकरा दिवस गायब. बिघाड नाही हा. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी त्या महिन्यात जुनी ज्युलियन कालगणना सोडून नवी ग्रेगोरियन घेतली आणि हे अकरा दिवस वगळले. कॅल तोच हिशेब पाळते. पुण्यात तेव्हा नानासाहेब पेशव्यांचा कारभार होता आणि आपल्या पंचांगातली एकही तिथी हलली नव्हती.

आता खरी मेजवानी. कॅलला जून १६७४ विचारा आणि सहा तारीख पाहा. शनिवार. शिवराज्याभिषेक झाला ती तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, वार शनिवार. तंतोतंत जुळलं. आता दुसरी कमांड घ्या, डेट. तिला ‘वजा डी’ लावून हीच तारीख द्या आणि वार विचारा. ती म्हणते बुधवार!

भांडण सोडवणं सोपं आहे. ६ जून ही तारीख मुंबईच्या इंग्रजांच्या जुन्या ज्युलियन गणनेतली. त्यांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या वेळी रायगडावर हजर होता. कॅल १७५२ च्या आधी जुनी गणना वापरते, म्हणून तिचा वार खरा ठरतो. डेट कमांड मात्र आजचीच गणना मागे ताणत नेते, म्हणून चुकते. गोव्यातल्या पोर्तुगीजांनी नवी गणना सोळाव्या शतकातच घेतली होती, त्यामुळे त्यांच्या हिशेबात राज्याभिषेकाचा दिवस १६ जून. उबुंटू या लिनक्सवरच्या एन-कॅल या कमांडला ‘वजा एस’ आणि पुढे पोर्तुगालची पी-टी ही दोन अक्षरं देऊन तोच महिना मागा, शनिवार बरोबर १६ तारखेवर बसलेला दिसेल. इतिहासाच्या तासाला हे करून दाखवलं तर कालगणनेचा धडा मुलं जन्मात विसरणार नाहीत.

कॅलला आणखी वार विचारून पाहा. पानिपतची लढाई, १४ जानेवारी १७६१: बुधवार. महाराष्ट्र राज्याची स्थापना, १ मे १९६०: रविवार. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ आणि औरंगाबादपासून वेगळा होऊन जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१, दोन्ही शुक्रवार. आपल्या आजीची जन्मतारीख माहीत असेल तर तिचाही वार काढून द्या.

जाता जाता आणखी एक. लिनक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजत बसलेलं असतं. तो शून्यावा सेकंद भारतात मध्यरात्रीचा नाही, पहाटे साडेपाचचा आहे, कारण मोजणी जागतिक वेळेने होते. जुन्या ३२ बिटी मोजणीचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरून जाईल. नव्या प्रणालींनी आकडा ६४ बिटी करून हा प्रश्न सोडवलाय.

आपली माणसं

१९९१ साली ऑगस्टमध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची पहिली वाच्यता केली. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्या कामाचे सूत्रधार विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. पुढे हे दोन प्रवाह एक झाले. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतला एकूण एक महासंगणक लिनक्सवर चालतो. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी परम रुद्र हा महासंगणक २०२४ च्या सप्टेंबरात राष्ट्राला अर्पण झाला. अवकाशातून क्षणभर येणाऱ्या रेडिओ लहरींच्या स्फोटांचा शोध त्यावर घेतला जातो.

डॉसच्या जमान्यात काळ्या पडद्यावर इंग्रजीच दिसायचं. तिथे देवनागरी उमटली ती जिस्ट कार्डामुळे. मोहन तांबे यांनी हे काम आयआयटी कानपूरला सुरू केलं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये ते बहरलं. कार्ड कॉम्प्युटरच्या खाचेत बसवायचं, की डॉसच्याच कार्यक्रमांत भारतीय लिप्या वापरता यायच्या.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा मुंबईतल्या अनेक विद्यार्थ्यांच्या हाती आलं ते शेल अकाउंट. चित्र नाही, माउस नाही, नुसता मजकूर. पलीकडे युनिक्स. ई-मेल वाचायची तीही कमांड देऊन. आणि पुस्तकाने शिकणाऱ्यांच्या टेबलावर असायचं नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं युनिक्स शेल प्रोग्रामिंगवरचं पुस्तक.

हसनाबादेत बसून

वेगळा कॉम्प्युटर घ्यायची गरज नाही. अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात लिनक्सच आहे. एफ-ड्रॉइड या ॲपच्या भांडारातून टर्मक्स हे ॲप घ्या, उघडा आणि प्रणालीचं नाव विचारणारी यू-नेम ही कमांड लिहून एंटर मारा. उत्तर येईल: लिनक्स. महासंगणकाचं जे कुळ तेच खिशातल्या फोनचं, हे वाचण्यापेक्षा स्वतः पाहण्यात फार आनंद आहे. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल बसवता येतं, आणि जुन्या मशीनला हात न लावता पेन ड्राइव्हवरून उबुंटू चालवूनही बघता येतं.

मग एक साधी फाईल करा. मोसंबी, कापूस, सोयाबीन, मका यांचे रोज ऐकलेले भाव, एका ओळीत एक नोंद: तारीख, माल, बाजार, भाव. महिनाभराने ग्रेप ही शोधणारी कमांड घ्या, ‘ग्रेप मोसंबी’ लिहून पुढे फाईलचं नाव द्या, फक्त मोसंबीच्या ओळी पुढ्यात. शोधशब्द देवनागरीत चालतो. त्याच कमांडीपुढे एक उभी रेघ मारून सॉर्ट लिहा, त्या ओळी तारखेच्या क्रमाने लागतात. तारीख मात्र वर्ष, महिना, दिवस अशी लिहिलेली हवी. आणखी एक उभी रेघ, पुढे डब्ल्यू-सी ‘वजा एल’, की किती नोंदी झाल्या तो आकडा. या उभ्या रेघेला पाइप म्हणतात. एका कमांडचं उत्तर दुसरीच्या हाती देणं हे तिचं काम. १९७३ साली डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून थॉम्पसननी ती युनिक्समध्ये आणली आणि ती पहिली जोडणी एका रात्रीत केली. युनिक्सची सगळी ताकद या एका रेघेत आहे असं मी म्हणेन.

शिकवणारा कुणी जवळ नसेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने हा प्रकल्प उभा राहिला. लिनक्सचे त्यातले धडे मराठी आवाजात मिळतात, पैसे पडत नाहीत आणि एक धडा साधारण दहा मिनिटांचा. शिकायची रीतही त्यांनीच आखून दिलीय: अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, उरलेल्या अर्ध्यात आपलं टर्मिनल. व्हिडिओत जी कमांड दिसेल ती थांबवून स्वतः मारायची, उत्तर तसंच आलं की पुढे सरकायचं, वेगळं आलं तर स्पेलिंग, मोकळी जागा आणि कॅपिटल-स्मॉल या तीन गोष्टी तपासायच्या.