'अपघात झाला' आणि 'अपघात केला' : एका वादाची भाषा



कर्तरी, कर्मणी आणि भावे हे तीन प्रयोग तुम्ही शालेय व्याकरणापासून ओळखता. क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते हे शोधले की प्रयोग सापडला, एवढ्यावर तो अभ्यास बहुधा थांबतो. प्रस्तुत घटकात आपण वाक्यरचनेचे एक निराळे कार्य पाहणार आहोत. एखाद्या घटनेची जबाबदारी वाक्यात कोणाकडे जाते आणि ती कशी निसटते, हा आपला प्रश्न आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण अमेरिकेतील आहे आणि तेही आपल्याकडे फारसे न खेळल्या जाणाऱ्या खेळातील. ज्या खेळाडूविषयी आपल्या मनात माया नाही आणि रागही नाही, त्याच्याविषयीची भाषा अधिक शांतपणे तपासता येते, हे या निवडीचे कारण.

प्रथम घटना पाहू. हेन्री रग्ज हा अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक खेळाडू. 2020 साली लास वेगास रेडर्स या संघाने पहिल्याच फेरीत, एकूण बाराव्या क्रमांकावर त्याची निवड केली. 40 यार्डांचे, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरचे अंतर त्याने चाचणीत 4.27 सेकंदांत कापले होते. वेग हीच त्याची ओळख होती. 2 नोव्हेंबर 2021 रोजी पहाटे चारच्या आधी लास वेगास शहरातील एका रस्त्यावर त्याची कॉर्व्हेट गाडी पुढच्या गाडीवर मागून आदळली. त्या गाडीने पेट घेतला. तीत 23 वर्षांची एक तरुणी आणि तिचा कुत्रा होता, दोघेही दगावले. रग्ज तेव्हा 22 वर्षांचा होता. सरकारी वकिलांनी न्यायालयात सांगितल्यानुसार धडकेच्या काही क्षण आधी त्याच्या गाडीचा वेग ताशी 156 मैल, म्हणजे सुमारे 250 किलोमीटर होता आणि त्याच्या रक्तातील मद्याचे प्रमाण नेवाडा राज्यातील कायदेशीर मर्यादेच्या दुप्पट होते. संघाने त्याच दिवशी त्याला मुक्त केले. 10 मे 2023 रोजी त्याने गुन्हा कबूल केला आणि ऑगस्ट 2023 मध्ये त्याला 3 ते 10 वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

घटना अशी असली, तरी क्रीडाप्रेमींमध्ये पेटणारा वाद निराळ्याच वळणांनी जातो. त्यात सहानुभूती असते, संताप असतो, संघाच्या पुढील हंगामाची चिंताही असते. अशा वादांत जी वाक्ये सतत भेटतात, त्यांचे मराठी नमुने मी पुढे स्वतः रचून देत आहे. ती कोणा व्यक्तीच्या तोंडची समजू नयेत.

पहिला नमुना अगदी साधा घ्या : 'रग्जने गाडी आदळली.' हा कर्मणी प्रयोग. 'आदळली' हे क्रियापद 'गाडी' या स्त्रीलिंगी एकवचनी कर्माशी जुळते, रग्जशी नव्हे. आता 'रग्जने' हा शब्द काढून टाका. उरते 'गाडी आदळली.' क्रियापदाचा एक अक्षरानेही फेरबदल न होता वाक्य पूर्ण राहिले! फरक इतकाच की ते आता कर्तरी झाले आणि गाडी, जी मघाशी कर्म होती, ती कर्ता बनली. कर्ता वगळल्याची खूणसुद्धा मागे राहत नाही. 'आदळणे'सारखी क्रियापदे सकर्मक आणि अकर्मक अशी दोन्ही वापरता येतात आणि भूतकाळात मराठीचे क्रियापद कर्माकडे पाहते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस वाक्यातून अलगद बाहेर पडू शकतो. आपल्या वृत्तपत्रांतील 'भरधाव कारने तरुणीला उडवले' हे शीर्षक पाहा. येथे प्रयोग भावे आहे, कर्ता कार आहे आणि स्टिअरिंगवर कोण होते हे वाचकाला पुढच्या परिच्छेदात शोधावे लागते. 'काळाने घाला घातला' या रूढ शब्दप्रयोगात तर कारही उरत नाही.

यात लबाडी आहेच असे समजू नका. चालक कोण हे ठाऊक नसते, तेव्हा बातमीदाराने असे लिहिणे योग्यच आहे. प्रश्न निर्माण होतो तो कर्ता ठाऊक असूनही वाक्य त्याला बाजूला ठेवते तेव्हा.

आता पुढील चार वाक्ये शेजारी शेजारी ठेवून वाचा. 'तिचा जीव गेला.' 'त्याच्या हातून तिचा जीव गेला.' 'त्याच्यामुळे तिचा जीव गेला.' 'त्याने तिचा जीव घेतला.' घटना एकच असली तरी प्रत्येक वाक्य निराळा निकाल देते. पहिल्यात करणारा कोणी नाही. चौथ्यात करणारा आहे आणि त्याचा हेतूही सूचित होतो. मधली दोन वाक्ये भाषाभ्यासकाला विशेष मोलाची. 'हातून' या शब्दाचा अर्थ तपासायचा असेल तर वाक्यात 'मुद्दाम' घालून पाहा. 'त्याने मुद्दाम कप फोडला' हे वाक्य आपण सहज स्वीकारतो. 'त्याच्या हातून मुद्दाम कप फुटला' हे कोणीही मराठी भाषक म्हणणार नाही. म्हणजे 'हातून' म्हटले की हेतू नव्हता हे बोलणाऱ्याने आधीच मान्य करून टाकलेले असते. आई मुलाची बाजू घेताना 'हातून पडला हो त्याच्या' असे म्हणते. खेळाडूचा कट्टर चाहता नेमके तेच करतो, फक्त येथे कप नसतो.

या ठिकाणी शब्दसंग्रहाची एक अडचण लक्षात घ्यायला हवी आणि माझ्या मते साऱ्या वादाचे मूळ तेथेच आहे. मृत्यू संशयास्पद असला की मराठी वृत्तपत्रे 'अपघात की घातपात?' असे विचारतात. हे दोन शब्द परस्परविरोधी म्हणून रुजले आहेत. एकात कोणाचाच हेतू नाही, दुसऱ्यात दुष्ट हेतू आहे. पण मद्य पिऊन, रात्रीच्या शहरात 250 किलोमीटरच्या वेगाने गाडी चालवणे यांपैकी कशात बसते? त्या तरुणीला मारावे असे रग्जच्या मनात नव्हते, हे कोणीही नाकारत नाही. दुसरीकडे, पिणे, पिऊनही गाडीत बसणे आणि वेग वाढवत नेणे ही एकामागून एक केलेली निवड होती. हेतू नाही पण निवड आहे, अशा कृत्याला रोजच्या बोलण्यात नेमके नाम नाही. मग एक पक्ष 'अपघात' म्हणतो, दुसरा 'खून' म्हणतो. दोघांनाही आपला शब्द अपुरा असल्याची जाणीव असते आणि म्हणूनच दोघे अधिक मोठ्याने बोलतात.

इंग्रजीतही हीच कोंडी आहे. 'ॲक्सिडेंट' या शब्दाने दोष आपोआप धुऊन निघतो, असा आक्षेप तेथे बराच काळ घेतला गेला. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकाने 2001 साली हा शब्द टाळण्याचे धोरण जाहीर केले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखनसंहितेने 2016 साली सूचना दिली की हलगर्जीपणाचा आरोप असेल किंवा तो सिद्ध झाला असेल, तर 'ॲक्सिडेंट'ऐवजी 'क्रॅश' यासारखा शब्द वापरावा. मराठीत 'धडक' किंवा 'टक्कर' हे शब्द ते काम करू शकतात, कारण त्यांत काय घडले एवढेच कळते. 'अपघात' शब्द हद्दपार करावा असे मात्र मला वाटत नाही. रस्त्यावर खरोखरच निव्वळ अपघात होतात आणि त्यांना नाव हवेच.

कायद्याने ही मधली जागा रिकामी ठेवलेली नाही. आपल्याकडील कायद्याच्या मराठीत 'हयगय' हा जुना, नेमका शब्द त्यासाठी येतो. हयगयीने मृत्यूस कारण होणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ खालील गुन्हा होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये आहे. नेवाडात रग्जवर खुनाचा आरोप नव्हता. नशेत वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत होणे हा गंभीर गुन्हा त्याने कबूल केला आणि त्याच्या जोडीला वाहनाने मनुष्यवध हा सौम्य वर्गातील गुन्हाही. म्हणजे न्यायालयाने जे नाव निश्चित केले ते ना अपघाताचे, ना खुनाचे. तरीही शिक्षेनंतर दोन्ही शब्द प्रचारात राहिले.

शब्दाची योग्यता काळावरही अवलंबून असते. नोव्हेंबर 2021 मध्ये रग्ज 'आरोपी' होता आणि 'गुन्हेगार' म्हणणे घाईचे होते. त्याच्या वकिलांनी रक्तचाचणीसाठी घेतलेल्या वॉरंटलाच आव्हान दिले होते. प्रश्न न्यायालयापुढे होता. 10 मे 2023 नंतर मात्र 'कथित' हे विशेषण चिकटवत राहणे ही सावधगिरी नव्हे. अशीच गंमत 'माजी' या शब्दाची. संघाने त्याला त्याच दिवशी मुक्त केल्यामुळे दुसऱ्या दिवसापासून 'रेडर्सचा माजी खेळाडू' असे लिहिणे तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होते, पण 'माजी खेळाडूची गाडी आदळली' असे म्हटले की धडकेच्या क्षणी तो त्या संघाचा नव्हता असे वाचकाला वाटते. एका विशेषणाने संघ त्या पहाटेतून बाहेर पडतो. रविवारपर्यंत 'आपला' असलेला खेळाडू मंगळवारी 'तो' होतो.

सहानुभूतीची भाषा याहून नाजूक आहे. संघाचा क्वार्टरबॅक डेरेक कार याने, रग्जला या वेळी माणसांच्या प्रेमाची गरज आहे, अशा अर्थाचे जाहीर उद्गार काढले. 'त्याला आधार द्यावा' आणि 'त्याला शिक्षा होऊ नये' ही दोन अगदी भिन्न विधाने आहेत. पहिल्यातून दुसरे निघत नाही. परंतु वादात समोरच्याचे पहिले विधान ऐकून उत्तर दुसऱ्याला दिले जाते, आणि मग सारा वेळ न उच्चारलेल्या वाक्याचे खंडन करण्यात जातो. तुम्ही संवादाचे विश्लेषण कराल तेव्हा हे स्थान आवर्जून शोधा.

तुलनेचा मुद्दाही असाच. अशा प्रत्येक प्रकरणात जुन्या खेळाडूंची नावे निघतात. डाँटे स्टॉलवर्थ या खेळाडूच्या गाडीखाली 14 मार्च 2009 रोजी मायामी येथे एक पादचारी ठार झाला. मद्याचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक होते. शिक्षा झाली 30 दिवसांच्या कैदेची आणि सोबत 2 वर्षे घरातील स्थानबद्धतेची. 'स्टॉलवर्थला 30 दिवस, मग रग्जला इतकी वर्षे का?' हा प्रश्न रास्त वाटतो. मात्र 'तसेच प्रकरण' या शब्दांत किती गोष्टी दडपल्या जातात ते पाहा : राज्य निराळे, कायदा निराळा, वेग निराळा, मृताच्या कुटुंबाशी झालेली तडजोड निराळी. नेवाडाच्या कायद्यात त्या वेळी या गुन्ह्यासाठी 2 ते 20 वर्षांच्या कारावासाची तरतूद होती आणि कारावास टाळण्याची वाट नव्हती. बोलणारा '3 ते 10 वर्षे' या शिक्षेतील कोणता आकडा उच्चारतो यावरूनही त्याची बाजू ओळखता येते. शिक्षा अपुरी वाटणारा 'तीनच' म्हणतो. जास्त वाटणारा 'तब्बल दहा' म्हणतो. 'च' आणि 'तब्बल' या दोन छोट्या शब्दांकडे दुर्लक्ष करू नका.

आता सर्वनामाविषयी. इंग्रजीच्या 'ही'चा अनुवाद करताना मराठी लेखकाला 'तो' की 'ते' हे ठरवावेच लागते. खेळाडूला आपण प्रेमाने एकेरी संबोधतो : 'सचिनने शतक ठोकले' असे लिहिताना अनादर नसतो. आरोपीलाही आपण एकेरीच संबोधतो. तेथे प्रेम नसते. त्यामुळे रग्जविषयीच्या मराठी वाक्यातील 'त्याने' हा शब्द जिव्हाळ्याचा की तुच्छतेचा, हे केवळ रूपावरून सांगता येत नाही. संदर्भ पाहावा लागतो आणि कधी कधी बोलणाऱ्यालाही ते नक्की ठाऊक नसते.

सर्वनामाची ही चर्चा अर्थात ज्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे त्याच्यापुरती झाली. त्या तरुणीसाठी वादात बहुतेक 'एक तरुणी', 'पीडिता' किंवा 'ती दुर्दैवी मुलगी' एवढेच शब्द येतात. मीही येथे तिचे नाव दिलेले नाही, कारण ती सार्वजनिक जीवनातील व्यक्ती नव्हती. पण नाव न देणे आणि वाक्यात जागा न देणे यांत अंतर आहे. 'एका चुकीने रग्जचे आयुष्य उद्ध्वस्त झाले' हे वाक्य तपासा. 'चूक' या शब्दाने त्या रात्रीची सारी साखळी एका क्षणात कोंबली, 'आयुष्य' एकाचेच मोजले, आणि तिच्यासाठी या वाक्यात कर्त्याची, कर्माची किंवा षष्ठीचीही जागा उरली नाही. याच्या शेजारी 'रग्जच्या बेदरकारपणामुळे एका तरुणीचा जीव गेला' हे वाक्य ठेवा. यात खुनाचा आरोप नाही, हेतू लादलेला नाही. तरीही करणारा, कारण आणि मृत व्यक्ती तिघेही जागेवर आहेत. ज्याला बोलीत नेमके नाम नाही, ते सांगण्याची सोय षष्ठी आणि '-मुळे' यांच्या जोडीने मराठी वाक्यरचनेने करून ठेवली आहे.

स्वयंअध्ययनासाठी : पुढील आठवडाभर एका मराठी दैनिकातील रस्त्यावरील मृत्यूंच्या बातम्यांची शीर्षके वहीत उतरवून घ्या. प्रत्येक शीर्षकात कर्ता कोण आहे, प्रयोग कोणता आहे आणि चालकाची माहिती उपलब्ध असतानाही तो वगळला आहे का, हे बातमी पूर्ण वाचून नोंदवा. त्यांपैकी कोणतीही दोन शीर्षके, बातमीत नसलेली माहिती न घालता, पुन्हा लिहा आणि बदललेल्या रचनेमुळे अर्थात काय फरक पडला ते सुमारे 150 शब्दांत मांडा. वही संपर्कसत्राला सोबत आणावी.