‘सातारा’ची लांबी सहा की अठरा?

पायथॉन या संगणकभाषेला ‘सातारा’ या शब्दाची लांबी विचारली, तर तिची दुसरी आवृत्ती सामान्यतः १८ असे उत्तर देते आणि तिसरी ६ असे. ‘सांगली’ लिहिले तरी आकडे हेच येतात. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. दुसरी आवृत्ती बाइट, म्हणजे साठवणुकीची एकके मोजते आणि यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. तिसरी मात्र चिन्हेच मोजते, म्हणून स, त, र आणि तीन काने मिळून सहा होतात.

डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने दुसरीशी असलेली सुसंगती जाणीवपूर्वक सोडली आणि १ जानेवारी २०२० पासून दुसरीची देखभालही थांबली. तिच्यासाठी लिहिलेली पुस्तके मात्र हातोहात फिरतच राहिली. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६०चे. इतकी जुनी शिक्षणपरंपरा असलेल्या परिसरात वरच्या वर्गाच्या वह्या-पुस्तके खालच्या वर्गाकडे जाणे स्वाभाविक आहे आणि ते चांगलेही आहे. परंतु पुस्तकातून जसाच्या तसा उतरवलेला प्रोग्रॅम चालला नाही, की नवशिका विद्यार्थी दोष स्वतःच्या बुद्धीला देतो, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे.

खरे पाहता अडून बसणारा प्रोग्रॅम फारसा घातक नसतो. ‘प्रिंट’पुढे कंस नसेल, तर तिसरी आवृत्ती तेथेच थांबते आणि कंस राहिल्याचे सांगतेही. जपावे लागते ते निमूट बदलांपासून. ७ भागिले २ याचे उत्तर दुसरी आवृत्ती ३ देते, तर तिसरी ३.५. संख्येतील अंकांची बेरीज करण्याच्या नेहमीच्या उदाहरणात संख्येला वारंवार १०ने भागून शेवटचा अंक गाळला जातो. जुना प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत तसाच चालवला, तर अपूर्णांक उरत जातात आणि ४१५ मधील अंकांची बेरीज १० येण्याऐवजी ११.११च्या आसपास येते, तीही त्रुटीचा कोणताही संदेश न उमटता. येथे भागाकाराची एक तिरकी रेघ काढून दोन रेघा दिल्या, की पूर्णांकी भागाकार होऊन उत्तर जाग्यावर येते.

म्हणून पुस्तकाचे प्रकाशनवर्ष पाहणे, संगणकावरील आवृत्ती तपासून ती वहीत प्रोग्रॅमच्या माथ्यावर नोंदवणे आणि आधी हाताने सोडवलेल्या लहानशा उदाहरणाशी उत्तर ताडून पाहणे, एवढे पहिल्या प्रात्यक्षिकापासूनच शिकवले गेले पाहिजे.