संगणक शिकणं आणि बटणं पाठ करणं



तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस संगणकाच्या वाटेला कशाला गेला, असं काहींना वाटेल. निवृत्तीनंतर आम्ही काही मंडळी पालघर-बोईसर भागात अगदी नवख्या माणसांना संगणकाची ओळख करून देतो. त्यात आजी-आजोबा असतात, गृहिणी असतात, शेतकरी घरातली तरुण मुलं असतात. पहिल्याच दिवशी एक प्रश्न ठरलेला असतो : "सर, घरी कोणता घ्यायचा? विंडोज, लिनक्स की ते सफरचंदवालं?" प्रश्न दुकानातला वाटतो. पण त्याच्या पोटात दोन जुने प्रश्न दडलेले आहेत. एखादी गोष्ट 'माहीत असणं' म्हणजे काय? आणि साधन आपल्या ताब्यात आहे की आपण साधनाच्या ताब्यात आहोत? आज या दोन प्रश्नांच्या अंगानं विंडोज, मॅक आणि लिनक्स यांची तुलना करू, आणि नवख्याला काय शिकवावं तेही पाहू.

आधी व्याख्या. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय? आपल्या न्यायशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. गाईचं लक्षण 'शिंगं असलेली' असं केलं, तर म्हैसही त्यात येते. ही अतिव्याप्ती. 'तांबूस रंगाची' असं केलं, तर पांढरी गाय बाहेर राहते. ही अव्याप्ती. आणि 'एकसंध खुराची' असं केलं, तर ते एकाही गाईला लागू पडत नाही. हा असंभव. आता वर्गात मिळणारी उत्तरं पाहा. "संगणकात काम करून देणारं सॉफ्टवेअर." मग हिशेबाचा प्रोग्रॅमही ऑपरेटिंग सिस्टिम ठरेल. अतिव्याप्ती. "स्क्रीनवर चौकटी आणि चित्रं दाखवते ती." जगातले असंख्य सर्व्हर स्क्रीनशिवाय चालतात, त्यांच्यातही ऑपरेटिंग सिस्टिम असतेच. अव्याप्ती. "संगणकाचा मेंदू." मेंदूची उपमा द्यायचीच तर ती प्रोसेसरला द्या. तो यंत्राचा भाग आहे, ऑपरेटिंग सिस्टिम हा प्रोग्रॅम आहे. असंभव.

मग नेमकं काय? बोईसरच्या माणसाला हे समजायला फार सोपं आहे. आपली लोकल किंवा मेमू मध्येच थांबते, कारण मागून राजधानी येत असते. रूळ तेच, फलाट तेच. गाड्या मात्र अनेक : लोकल, लांब पल्ल्याच्या, मालगाड्या. कोणाला आधी सोडायचं, कोणाला बाजूला काढायचं, कोणता फलाट द्यायचा, हे ठरवणारा एक नियंत्रक कुठेतरी बसलेला असतो. तो प्रवाशाला दिसत नाही. तो नसेल तर मात्र गाड्या एकमेकींवर आदळतील. संगणकात प्रोसेसरचा वेळ, मेमरी, डिस्क, प्रिंटर, कीबोर्ड ही सामायिक साधनं आहेत, आणि ती मागणारे प्रोग्रॅम अनेक आहेत. या साधनांचं वाटप करणारा, यंत्र आणि बाकीचे सगळे प्रोग्रॅम यांच्या मध्ये उभा असलेला प्रोग्रॅम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. हे लक्षण विंडोजला लागू आहे, मॅकला आहे, लिनक्सला आहे आणि तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडलाही आहे. किंबहुना अँड्रॉइडच्या गाभ्यात लिनक्सच आहे. म्हणजे "लिनक्स आमच्या घरात नाही" असं म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण ते रोज वापरतात बरं का!

आता तुलना. कोणती 'चांगली', असं विचारलं तर उत्तर मिळणार नाही. चांगली कशासाठी, हे आधी सांगावं लागतं.

विंडोजचं बळ तिच्या प्रसारात आहे. तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यात हिशेबाचं काम करणाऱ्याला टॅली लागते, आणि टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. ऑटोकॅडवर ड्रॉइंग करणाऱ्यालाही बहुधा विंडोजच सोयीची. बिघाड झाला तर बोईसरच्या कोणत्याही दुकानातला मुलगा ती उघडून बसतो. ही छोटी गोष्ट नाही. जवळ दुरुस्ती मिळणं हाही साधनाचा एक गुणच आहे. तिची उणी बाजू म्हणजे तिचं आयुष्य कंपनी ठरवते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. घरगुती वापरासाठी काही अटींवर आणखी एक वर्षाची सुरक्षा-मुदतवाढ देण्यात आली, एवढंच. आधार संपला म्हणजे संगणक बंद पडतो असं नाही. नव्यानं सापडलेली भगदाडं बुजवणं थांबतं. कौलं फुटली तरी घर उभं असतं, पण पावसाळा यायचा असतोच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते, ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेक धडधाकट संगणक केवळ या नियमानं म्हातारे ठरले.

मॅकमध्ये यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टिम एकाच कंपनीची. त्यामुळे दोघांचं जमतं छान. पण ती कायदेशीरपणे ॲपलच्याच यंत्रावर चालते, आणि ते यंत्र महाग. छपाई, चित्रफीत, संगीत अशा कामात असलेल्यांना ती परवडते आणि शोभतेही. पहिल्या संगणकासाठी मात्र आम्ही ती सुचवत नाही.

लिनक्सची गोष्ट वेगळी. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर वापरण्याचं, अभ्यासण्याचं, बदलण्याचं आणि वाटण्याचं स्वातंत्र्य माणसाला असावं, हा त्यामागचा विचार. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं त्याचा गाभा लिहायला घेतला. आज उबुंटू, मिंट, डेबियन अशी त्याची अनेक रूपं फुकट मिळतात. आपल्याकडे सी-डॅकनं 'बॉस' नावाचं रूप तयार केलं. केरळनं तर आपल्या शाळांमधलं संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेऊन दाखवलं. जुन्या यंत्राला लिनक्सचं हलकं रूप मानवतं. आणि एक मोठी सोय : ती पेनड्राइव्हवरून नुसती चालवून पाहता येते, आतल्या विंडोजला धक्का न लावता. वायफाय चालतं का, प्रिंटर ओळखतो का, हे पाहायचं आणि मग ठरवायचं. कायमची बसवायची असेल तर मात्र आधी सगळ्या फोटो-कागदांची प्रत बाहेर काढून ठेवा. उणी बाजू? टॅलीसारखे प्रोग्रॅम तिथे थेट चालत नाहीत, आणि गावात ती दुरुस्त करणारा सहज सापडत नाही.

तेव्हा आमचा सल्ला असा. नोकरीधंद्याला विंडोजचाच प्रोग्रॅम लागत असेल तर विंडोज घ्या, पण आधार चालू असलेली. घरात जुना संगणक पडून असेल, आणि पत्र लिहिणं, बँक, फॉर्म भरणं, व्याख्यानं ऐकणं एवढंच काम असेल, तर तो भंगारात काढण्याआधी लिनक्स लावून पाहा.

आता दुसरा आणि जास्त महत्त्वाचा भाग : शिकवायचं काय?

गिल्बर्ट राइल नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं एक भेद मांडला. 'अमुक असं आहे' हे माहीत असणं एक, आणि 'अमुक कसं करायचं' हे जमणं दुसरं. पोहण्याचं पुस्तक वाचून कोणी पोहत नाही. संगणकाचंही तसंच आहे, म्हणून हात चालवायलाच हवा. पण नुसता हात चालवून भागत नाही. "डावीकडून तिसरं बटण दाबायचं" असं वहीत लिहून घेतलेल्या माणसाचं नव्या आवृत्तीत ते बटण उजवीकडे गेलं की ज्ञान संपतं. त्याला बटण माहीत होतं, काम माहीत नव्हतं.

यावरचा उपाय आपल्याच जिल्ह्यात सापडतो. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे ते कोसबाडला गेलं. महागडी खेळणी आणायची नाहीत. शिंपले, बिया, पानं, खडे यांतूनच मोजणं आणि ओळखणं शिकवायचं. मूल गुरं राखायला जात असेल तर शाळाच कुरणात न्यायची. यातलं तत्त्व एवढंच की शिकणाऱ्याच्या हाताशी जे आहे तिथून सुरुवात करावी. ते साठ वर्षांच्या विद्यार्थ्यालाही तितकंच लागू पडतं.

उदाहरणार्थ, 'सेव्ह' म्हणजे काय? सातपाटीच्या माणसाला सांगा : जाळ्यातून काढून टोपलीत टाकलेली मासळी म्हणजे मेमरी, आणि बर्फात ठेवलेली मासळी म्हणजे डिस्क. टोपलीतली हाताळायला सोपी, पण टिकत नाही. बर्फातली टिकते. लिहिलेला मजकूर सेव्ह केला नाही आणि पावसाळ्यात वीज गेली, तर टोपलीतली मासळी गेली! हे एकदा उमगलं की कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर माणूस आपोआप सेव्ह करतो.

दुसरी गोष्ट फाइल आणि फोल्डर. फोनवर वाढलेल्या मुलांनाही ही शिकवावी लागते, कारण फोन फाइल कुठे ठेवली ते सांगतच नाही. फाइल कुठे आहे, तिचं नाव काय, तिची प्रत काढली की ती हलवली, हा भेद पक्का झाला पाहिजे.

तिसरी गोष्ट मराठी लिहिणं. इनस्क्रिप्ट नावाची कळांची मांडणी विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर मिळते. डाव्या हाताकडे मुख्यतः स्वर आणि काने-मात्रे, उजव्या हाताकडे व्यंजनं. 'पालघर' लिहायला पाच कळा : एच, ई, एन, शिफ्टसह आय, आणि जे. आपल्या जिल्ह्यात केळव्या-डहाणूला दर्या आहे, आणि जव्हार-मोखाड्याला दऱ्या आहेत. 'दर्या'तला र साध्या जे कळीवर येतो, 'दऱ्या'मधला शिफ्टसह जे कळीवर. मराठीचा एवढा बारकावा यंत्राला कळतो. तेव्हा "संगणकाला इंग्रजी लागतं" ही भीती पहिल्याच आठवड्यात घालवता येते.

चौथी गोष्ट, बिघाडाचा विचार. न्यायशास्त्रातली अन्वय-व्यतिरेकाची रीत इथे उपयोगी पडते. हे असलं की ते होतं, हे नसलं की ते होत नाही, असं ताडून कारण शोधायचं. प्रिंट येत नाही? एका वेळी एकच गोष्ट बदला. दुसरी फाइल छापून पाहा. मग दुसरी वायर लावून पाहा. मग तोच प्रिंटर दुसऱ्या संगणकाला लावून पाहा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि प्रिंट आली, तर काम झालं, ज्ञान झालं नाही.

आणि पाचवी गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. त्याच परिसरातला शेतकरी आजही सातबारा काढायला झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि आपला पासवर्ड दुकानदाराकडून टाकून घेतो. ओटीपीही त्यालाच वाचून दाखवतो. आधारची प्रत त्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये तशीच राहते. दुकानदार भला असेलही. पण पुढचं गिऱ्हाईक कोण असेल, ते कोणाला ठाऊक? बंदर, रेल्वे, महामार्ग यांसाठी जमिनीचे व्यवहार चाललेल्या या जिल्ह्यात आपला कागद दुसऱ्याच्या यंत्रात पडून राहणं ही किरकोळ बाब नाही. म्हणून आमच्या वर्गात शेवटचा धडा हमखास हाच : काम झालं की लॉगआउट करा, आपली फाइल पेनड्राइव्हवर घ्या, त्या संगणकावरची पुसा, रिसायकल बिनही रिकामा करा. पासवर्ड स्वतः टाका. हळू टाकलात तरी चालेल. मागचे थांबतील.

हे पाचही धडे आम्ही मुद्दाम दोन वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर देतो, एक दिवस विंडोजवर, एक दिवस लिनक्सवर. लोक आधी कुरकुरतात, "सर, गोंधळ होतो!" पण एकच गाय पाहिलेल्या मुलाला गाय म्हणजे तीच तांबडी वाटते. दुसरी पाहिली की सामान्य काय आणि विशेष काय, हे त्याचं त्यालाच दिसू लागतं. चौकट बंद करायची फुली उजवीकडे की डावीकडे, हा विशेष. चौकट बंद करता येते, हे सामान्य. शिकायचं ते सामान्य. विशेष वेळ आली की पाहून घेता येतं.

तेव्हा "घरी कोणता घ्यायचा?" या प्रश्नाआधी स्वतःला एक प्रश्न विचारा : उद्या या संगणकाऐवजी दुसरा समोर ठेवला, तर माझं काम मला करता येईल का? उत्तर 'हो' असेल, तर तुम्ही कोणताही घ्या. उत्तर 'नाही' असेल, तर खरेदी आठवडाभर पुढे ढकला, ओळखीच्या कोणाकडे बसून दोन वेगळ्या यंत्रांवर स्वतःच्या हातानं एक पत्र लिहा, सेव्ह करा, शोधून काढा आणि छापा. एवढं जमलं की दुकानात जायला हरकत नाही.

आता प्रश्न विचारा.