उदबत्तीचा धूर संगणकात कसा मावतो?

देवघरातल्या उदबत्तीचा धूर बघा. आधी सरळ वर जातो, मग एकदम वेटोळी घेऊ लागतो. हाच टर्ब्युलन्स! विमानाच्या पंखामागे आणि ढगांतही हेच चालतं. ते संगणकावर उतरवायचं, तर सगळ्या जागेवर बिंदूंची जाळी टाकून प्रत्येक बिंदूवर गणित करावं लागतं. वेग दुप्पट झाला, तर बिंदू जवळपास पाचपट लागतात.

पण शांत हवेत इतकी बारीक जाळी कशाला? इथे वेव्हलेट कामी येते. ही एक छोटीशी लहर. हवा कुठे किती झपाट्याने बदलतेय, ते तिच्या मदतीने मोजतात. भोवऱ्यापाशी जाळी दाट, बाकी ठिकाणी विरळ. भोवरा सरकणार, म्हणून जाळी आधीच थोडी पुढे पसरून ठेवतात.

२००१ मध्ये फ्रेंच संशोधक मारी फार्ज आणि सहकाऱ्यांनी तिन्ही दिशांना २५६ बिंदू असलेला, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख बिंदूंचा प्रवाह तपासला. वेव्हलेटच्या अवघ्या ३ टक्के आकड्यांत ९८.९ टक्के ऊर्जा होती! उरलेले ९७ टक्के मात्र नुसते फेकून चालत नाही बरं का. त्यांच्या परिणामाचा अंदाज संख्याशास्त्राने बांधावा लागतो. शिवाय सतत बदलणाऱ्या जाळीचा हिशेबही संगणकालाच ठेवावा लागतो, त्यामुळे सगळीकडेच खळबळ असेल तिथे बचत कमी होते.