घड्याळ थांबलं, रुग्ण तिथेच

अ‍ॅम्ब्युलन्स सेवा चांगली की वाईट, हे कशावरून ठरवायचं? ‘किती मिनिटांत आली’ हे मोजणं सर्वांत सोपं. इंग्लंडमध्ये अनेक वर्षं नियम होता: जिवावर बेतलेल्या 75 टक्के कॉलना 8 मिनिटांत मदत पोचावी. पण मोटारसायकलवरचा एकटा पॅरामेडिक पोचला तरी घड्याळ थांबे. पक्षाघाताच्या रुग्णाला हवी असते रुग्णालयात नेणारी गाडी. ती आली नसली तरी कागदावर सेवा उत्तीर्ण! 2017 मध्ये निकष बदलले. सर्वांत तातडीच्या कॉलसाठी सरासरी 7 मिनिटं, शिवाय दहापैकी नऊ वेळा 15 मिनिटांच्या आत. हा दुसरा आकडा मला जास्त प्रामाणिक वाटतो. सरासरीत आडगावी ताटकळलेला माणूस दिसतच नाही.

हृदय बंद पडलेल्यांपैकी किती जण जिवंत घरी परतले, हा त्याहून कठोर निकष. मात्र पूर्वी जो तो आपल्या सोयीचे रुग्ण मोजायचा. 1990 मध्ये नॉर्वेतल्या उट्स्टाइन मठात जमलेल्या तज्ज्ञांनी समान नोंदींचा आग्रह धरला: रुग्ण कोसळताना कुणी पाहिलं का, जवळच्यांनी छाती दाबली का, विजेच्या झटक्याला दाद देणारी लय होती का.