चेरीच्या दिवसांतलं वॉशिंग्टन

अमेरिकेतल्या शाळांना मार्च-एप्रिलमध्ये आठवडाभराची सुट्टी लागते. तारखा गावोगावी वेगळ्या, पण बहुधा ईस्टरच्या आगेमागे. न्यू जर्सीतल्या कितीतरी मराठी घरांत याच सुमारास भारतातून आजी-आजोबा आलेले असतात. मग गाडी निघते आणि ठरलेली यात्रा सुरू होते: न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, फिलाडेल्फियाला लिबर्टी बेल, वॉशिंग्टनला व्हाइट हाउसच्या कुंपणापाशी फोटो आणि जमलंच तर नायगारा. आपल्याकडचे अष्टविनायकही याहून निवांत होतात. माझं मत विचाराल तर, बरोबर लहान मुलं आणि गुडघ्यांनी त्रासलेली वडीलधारी मंडळी असतील, तेव्हा बाकीची शहरं पुढच्या वर्षावर टाकावीत आणि हाताशी असलेले सगळे दिवस वॉशिंग्टनला द्यावेत.

कारण अगदी व्यवहाराचं आहे. न्यूयॉर्कमध्ये चौघांनी एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर जायचं म्हटलं तरी तिकिटांतच खिसा हलका होतो. इथे स्मिथसोनियनची संग्रहालयं, प्राणिसंग्रहालय आणि स्मारकं यांना प्रवेशशुल्क नाही. स्मारकं सोडली तर ही कृपा जेम्स स्मिथसन नावाच्या एका इंग्रज शास्त्रज्ञाची. १८२९ साली तो वारला. ज्या देशात त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं, त्या अमेरिकेच्या वाट्याला त्याच्या मृत्युपत्रामुळे सुमारे पाच लाख डॉलर आले. अट एकच, ज्ञानाची वाढ आणि प्रसार व्हावा. १८४६ मध्ये संस्था स्थापन झाली. स्मिथसन स्वतः अमेरिकेत पोचला तो १९०४ साली, अस्थिरूपाने. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल इटलीला जाऊन त्या घेऊन आले.

शहराचा आराखडा १७९१ मधला, पिअर लान्फां या फ्रेंच इंजिनिअरचा. रुंद रस्ते, त्यांना छेदत जाणारे तिरपे हमरस्ते आणि मधोमध लांबलचक हिरवळ, तोच नॅशनल मॉल. इमारतींच्या उंचीवर १९१० च्या कायद्याने बंधन घातलं, म्हणून इथे गगनचुंबी इमारती नाहीत आणि कुठूनही आकाश भरपूर दिसतं. पण या मोकळेपणाने नवखा माणूस हमखास फसतो. कॅपिटॉलच्या पायऱ्यांवरून लिंकन मेमोरियल ‘हे काय समोरच’ वाटतं. प्रत्यक्षात ते अंतर तीन किलोमीटरच्या वर आहे आणि वाटेत सावली बेताचीच. मुलं अर्ध्यातच ‘अजून किती’ सुरू करतात. तेव्हा एका दिवशी पूर्वेकडची संग्रहालयं आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडची स्मारकं, अशी सरळ वाटणी करावी.

मधोमध उभा आहे वॉशिंग्टन मॉन्युमेंटचा ५५५ फुटी सुळका. मुलांना त्याचा रंग नीट बघायला सांगा. साधारण दीडशे फुटांवर तो बदलतो. १८४८ मध्ये वर्गणी काढून काम सुरू झालं, सहा वर्षांत पैसे आटले, वर्गणी काढणाऱ्या संस्थेत राजकारण शिरलं, मग यादवी युद्ध आलं. पंचवीस वर्षं तो अर्धवटच उभा होता. पुढे सरकारने सैन्याच्या इंजिनिअरांकडून १८८४ साली पुरा करून घेतला, पण संगमरवर दुसऱ्या खाणीचा आला आणि फरक कायमचा राहिला. वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या कामांचा अनुभव असलेल्या मराठी माणसाला हा इतिहास वेगळा समजवावा लागत नाही. वर जायला लिफ्ट आहे. तिकीट त्याच सकाळी रांग लावून फुकट मिळतं, ऑनलाइन घेतलं तर एक डॉलर आकार पडतो.

आता चेरी. टायडल बेसिन या तळ्याकाठची झाडं जपानची भेट. टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी यांनी १९१० मध्ये पाठवलेली दोन हजार झाडं किडकी निघाली आणि ती जाळून टाकावी लागली. यजमानाने भेट जाळली म्हणजे खरं तर संबंधच बिघडायचे. पण ओझाकींनी मनावर न घेता पुन्हा तीन हजारांवर झाडं धाडली. त्यातली पहिली दोन २७ मार्च १९१२ रोजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या पत्नी आणि जपानी राजदूतांच्या पत्नी यांनी लावली. १९४१ मध्ये पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर कुणीतरी रागाने चार झाडं तोडली, बाकीची तगली. अलीकडे तळ्याची भिंत खचून पाणी वर येऊ लागलं, म्हणून २०२४ मध्ये दुरुस्तीसाठी शंभराहून अधिक चेरीची झाडं काढावी लागली. त्यात ‘स्टम्पी’ नावाचं एक पोकळ, खुरटं आणि अतोनात लाडकं झाडही गेलं.

योशिनो जातीच्या सत्तर टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर आला असं मानतात. तो बहुधा मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीस येतो, पण २०२४ साली १७ मार्चलाच आला होता. एक जोराचा पाऊस आणि सगळा सडा जमिनीवर. सुट्टी आणि बहर यांची गाठ पडेलच असं नाही, म्हणून केवळ फुलांवर सहल बेतू नये. फुलं सापडलीच तर सकाळी लवकर तळ्यावर पोचावं. मेट्रोच्या स्मिथसोनियन स्टेशनवर उतरून चालत जाणं उत्तम, गाडी लावायला जागा शोधण्यात दिवस जातो. आणि आजींना आधीच सांगून ठेवा: पूजेसाठी दोन फुलं खुडायची सोय नाही, फुलं तोडायला कायद्याने बंदी आहे. तशी मेट्रोत खाण्यालाही आहे. २००० साली एका स्टेशनात बटाट्याची तळलेली एक फोड खाल्ली म्हणून बारा वर्षांच्या मुलीला पोलिसांनी हातकड्या घातल्या होत्या. चकल्यांचा डबा बाहेर पडेपर्यंत बंदच ठेवावा.

संग्रहालयांपैकी मुलं विमानांच्या संग्रहालयाकडे धावणार हे नक्की. तिथे राइट बंधूंचं १९०३ चं विमान आहे, चंद्रावरून परतलेलं अपोलो ११ चं यान आहे. मात्र प्रवेशाच्या वेळेचा पास आधी ऑनलाइन काढावा, तोही फुकटच. आजी-आजोबांसाठी मी निसर्गेतिहास संग्रहालयाचा दुसरा मजला सुचवेन. काचेच्या कपाटात हळूहळू फिरणारा निळा होप हिरा तिथे आहे, ४५.५२ कॅरेटचा. तो गोवळकोंड्याच्या राज्यातल्या कोल्लूर खाणीतला मानला जातो. ताव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने तो भारतातून नेऊन चौदाव्या लुईला विकला. क्रांतीच्या गोंधळात तो चोरीला गेला आणि पुढे पैलू पाडून लहान झाला. १९५८ मध्ये हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने तो संग्रहालयाला दिला, तोही साध्या तपकिरी कागदात गुंडाळून रजिस्टर्ड पोस्टाने.

पण भारतातून आलेला दुसरा दगड मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकाची काळी भिंत बंगळुरूच्या ग्रॅनाइटची आहे. माया लिन या येलच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा आराखडा १४०० हून अधिक प्रवेशिकांतून निवडला गेला आणि १९८२ मध्ये भिंत उभी राहिली. तीवर ५८ हजारांहून अधिक नावं आहेत. ती वर्णानुक्रमे नाहीत, हुद्द्यानुसारही नाहीत, ज्या क्रमाने माणसं गेली त्या क्रमाने आहेत. ज्यांचा मृत्यू निश्चित झाला त्यांच्या नावापुढे चौकट, बेपत्ता असलेल्यांपुढे फुली. दगड इतका घोटलेला की नाव वाचताना त्यातच आपला चेहरा दिसतो. कुणी नावावर कागद धरून पेन्सिल फिरवून ठसा घेत असतं, कुणी खाली पत्र ठेवून जातं. तिथे मुलांना सेल्फी काढू देऊ नका.

जवळच लिंकन मेमोरियल. लिंकन यांचा पुतळा १९ फुटी, सभोवती ३६ खांब, त्यांच्या मृत्यूच्या वेळच्या एकेका राज्याचा एक. उत्तरेकडच्या भिंतीवरच्या भाषणात कारागिराने ‘एफ’च्या जागी ‘ई’ कोरला, मग खालची रेघ बुजवली. ती जागा शोधण्यात मुलांचा वेळ छान जातो. बाहेर पायऱ्या उतरताना खाली पाहा. २८ ऑगस्ट १९६३ रोजी मार्टिन ल्यूथर किंग जिथे उभे राहून बोलले, त्या दगडावर तशी नोंद कोरलेली आहे.

गाडीने आला असाल तर आणखी अर्धा दिवस काढा. शहराच्या दक्षिणेला पस्तीसेक किलोमीटरवर, मेरीलँडमधल्या अकोकीकला आंबेडकर इंटरनॅशनल सेंटरच्या आवारात बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा आहे. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार यांनी तो घडवला आणि १४ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याचं अनावरण झालं. तिथवर मेट्रो जात नाही, आणि निघण्यापूर्वी त्या दिवशी केंद्र उघडं आहे ना, एवढी चौकशी जरूर करा.