वेदनाशामक गोळ्या कुठे थांबतात?

कंबर, गुडघा दुखला की औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी घेणे बोईसर-तारापूरच्या कारखाना पट्ट्याला नवे नाही. डायक्लोफिनॅकसारखी गोळी चार दिवस ठीक. महिनोन्‌महिने घेतली तर जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. नसांच्या दुखण्यावरील प्रीगॅबालिनने गुंगी येते. यंत्रावर काम करणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे. जुन्या कंबरदुखीत नियमित व्यायाम अधिक उपयोगी. तिथे मॉर्फिन सहसा योग्य नाही.

कर्करोगाच्या तीव्र वेदनेचे तसे नाही. तिथे साध्या गोळ्यांचा डोस ठरावीक मर्यादेपुढे वाढवला, तर अपायच वाढतो. अशा वेळी तोंडाने घ्यायचे मॉर्फिन लागते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे सोपे झाले. तरीही ‘व्यसन लागेल’, ‘हे शेवटचे औषध’ या भीतीने घरचेच नको म्हणतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतल्यास व्यसनाचा धोका कमी असतो. बद्धकोष्ठ मात्र होते, त्यावर सोबतच औषध घ्यावे.

पालघरहून उपचारांसाठी परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांनी तिथल्या वेदनाशमन विभागाची चौकशी जरूर करावी. वेदना सोसण्यात शौर्य नाही.